तुलैतुलाचे तर्जुमेकार आणि पाश्चात्त्य संस्कृतीची घडण

बी.एड.च्या वर्षात सराव पाठ घ्यावे लागतात. आमच्या वाट्याला उर्दू माध्यमाचा नववीचा वर्ग आला होता. विषय इतिहास, घटक युरोपातील प्रबोधन. पाठ टाचण नीट लिहिले होते आणि रात्री जागून एक तक्ताही रंगवला होता. डावीकडे ग्रीस, मग रोम, त्यानंतर एक जाड काळा पट्टा, त्यात पांढऱ्या अक्षरांत 'अंधारयुग', आणि उजवीकडे पिवळा सूर्य काढून त्याखाली इटली. सगळे बाणांनी जोडलेले. इटलीतल्या विद्वानांना ग्रीकांचे ग्रंथ पुन्हा गवसले आणि युरोप जागा झाला, असे आम्ही सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, ये किताबें हज़ार साल थीं कहाँ?"

निरीक्षक मागे बसून हसले. आम्ही "पुढच्या तासाला सांगू" म्हणून वेळ मारून नेली. सराव पाठाला पुढचा तास नसतो, हे त्या मुलीला ठाऊक नव्हते. आम्हाला मात्र ठाऊक होते.

पुढे नोकरी लागल्यावर शाळेत तकरीरीची स्पर्धा झाली. एका मुलाने मुठी आवळून, अस्खलित उर्दूत भाषण केले. त्याचा सारांश असा, की युरोपचे जे काही आहे ते त्याने आमच्याकडून चोरले; अंक आमचे, औषधे आमची, आकाशाचे ज्ञान आमचे. टाळ्यांनी मंडप दणाणून गेला. आम्ही परीक्षक होतो. मुलगा बोलला उत्तम, म्हणून त्याला दुसरा क्रमांक दिला. पण मन खट्टू झाले. आमच्या पहिल्या तक्त्यात आपण नव्हतोच, आणि या तकरीरीत आपल्याखेरीज दुसरे कुणीच नव्हते. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नासाठी आहे आणि थोडासा त्या मुलाच्या टाळ्यांसाठीही.

पाश्चात्त्य संस्कृती म्हणून आज जिला ओळखले जाते, तिचे तीन धागे सांगितले जातात. ग्रीकांचा विचार, रोमनांचा कायदा आणि ख्रिस्ती धर्म. यांपैकी पॅरिस किंवा लंडनच्या मातीत एकही उगवला नाही. ख्रिस्ती धर्म फलस्तीनमधून आला. ग्रीकांनी आपली लिपी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून घेतली. पाचव्या शतकात रोमचे पश्चिमेकडील साम्राज्य मोडले, आणि पश्चिम युरोपात ग्रीक भाषा जाणणारे विरळ होत गेले. बोएथियस नावाच्या विद्वानाने सहाव्या शतकाच्या आरंभी ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र लॅटिनमध्ये आणायला घेतले होते. राजाने त्याला ठार मारवले आणि काम अर्धे राहिले. त्यानंतर मठांमधले साधू लॅटिन ग्रंथांच्या नकला करत राहिले. त्या काळात जड नांगर आला, पाणचक्क्या वाढल्या; म्हणजे माणसे काही झोपलेली नव्हती. 'अंधारयुग' हा शब्द आम्हाला आता बरा वाटत नाही. परंतु युक्लिडची पूर्ण भूमिती, टॉलेमीचे खगोल, गॅलनचे बहुतेक वैद्यक आणि ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ त्यांच्याजवळ नव्हते, हे खरे.

हे ग्रंथ पूर्वेला होते. काही कुस्तुंतुनियाच्या कपाटांत होते, आणि नवव्या शतकापासून बगदादमध्ये अरबीत वाचले जात होते. खलिफा मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) यांच्या काळातला बैतुल हिकमा आपल्या वाचकांना परिचित आहे, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. फक्त एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. बगदादचे सर्वांत मोठे तर्जुमेकार हुनैन इब्न इसहाक (८०९ ते ८७३) हे ख्रिस्ती होते. साबित इब्न कुर्रा हे हर्रानचे, ताऱ्यांची पूजा करणाऱ्या साबी पंथाचे. आकाशगणिताचा एक ग्रंथ हिंदुस्थानातून आला, आणि त्याच्या मुळाशी ब्रह्मगुप्ताचे ६२८ सालचे काम होते. ज्याला आपण 'आमचे' म्हणतो त्या खजिन्यात आरंभापासूनच अनेकांचा हात आहे. त्या तकरीरीत हे नव्हते.

आता तुलैतुलाकडे वळू. स्पेनमधील हे शहर आज तोलेदो म्हणून ओळखले जाते. ताजो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या खडकावर ते वसले आहे. अंदलुसची खिलाफत मोडल्यावर ज्या लहान लहान रियासती उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीची ही राजधानी होती. २५ मे १०८५ रोजी कॅस्टिलचा राजा सहावा अल्फान्सो याने ती घेतली. शहर वाटाघाटीने ताब्यात आले आणि मुसलमानांची जामा मशीद त्यांच्याकडेच राहील असे ठरले होते. थोड्याच काळात ती मशीद चर्चने घेतली. आज तिथे जे भव्य कॅथीड्रल उभे आहे त्याचे बांधकाम १२२६ साली सुरू झाले. हे सांगितलेच पाहिजे, कारण पुढची कहाणी वाचताना तोलेदो म्हणजे भाईचाऱ्याचे नंदनवन होते असा समज होऊ नये. तो काळ सलीबी युद्धांचा होता. १०९९ मध्ये बैतुल मुकद्दस पडले, तेव्हा तोलेदो घेऊन चौदा वर्षे झाली होती.

पण तोलेदोच्या ग्रंथांना आग लागली नाही. शहरात अरबी बोलणारे ख्रिस्ती होते, अरबी लिहिणारे यहुदी होते, काही मुसलमानही मागे राहिले होते. किताबे होती आणि त्या वाचू शकणारी माणसेही होती. हळूहळू ही बातमी पिरेनीज पर्वतापलीकडे पोचली.

इटलीतील क्रेमोना गावाचा जेरार्ड नावाचा एक तरुण होता. जन्म साधारण १११४ चा. त्याला टॉलेमीच्या खगोलग्रंथाची आस लागली होती. या ग्रंथाचे आजचे नावसुद्धा 'अल्मॅजेस्ट' असे अरबी वळणाचे आहे. ग्रीक शब्दाला अरबी 'अल' लागून 'अल-मजिस्ती' झाले, आणि युरोपने ते तसेच उचलले. लॅटिनमध्ये तो ग्रंथ मिळेना, म्हणून जेरार्ड तोलेदोला आला. त्याच्या शागिर्दांनी पुढे लिहून ठेवले आहे, की प्रत्येक विषयावर अरबीत इतकी पुस्तके आहेत हे पाहून त्याला लॅटिनांच्या गरिबीची कीव आली आणि तर्जुमा करता यावा म्हणून तो अरबी शिकला. हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. ज्यांच्याशी आपल्या धर्माचे लोक लढत आहेत, त्यांच्यासमोर स्वतःला गरीब म्हणवून घ्यायचे आणि शिकायला बसायचे, याला मोठे काळीज लागते.

जेरार्ड परत गेला नाही. ११८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तर्जुमे करत राहिला. अल्मॅजेस्ट, युक्लिड, अल्-ख्वारिज्मी यांचे बीजगणित, अर्-राझी यांचे वैद्यक, इब्न सीना यांचा प्रचंड 'कानून', अल्-जहरावी यांचे शस्त्रक्रियेचे पुस्तक. आपल्या तर्जुम्यांवर तो बहुधा नाव घालत नसे. तो गेल्यावर दुसरेच कुणी श्रेय घेतील अशी शागिर्दांना धास्ती वाटली, म्हणून त्यांनी यादी केली. यादीत ७१ ग्रंथ आहेत. एका माणसाच्या आयुष्यात ७१! आमच्या शाळेच्या कपाटातली विज्ञानाची उर्दू पुस्तके मोजली तर एवढी भरत नाहीत, आणि त्या कपाटाची किल्लीही बहुतेक वेळा सापडत नाही. असो.

हे काम कसे चाले तेही पाहण्यासारखे आहे. अनेकदा दोघे मिळून बसत. अरबी जाणणारा माणूस ओळ वाचून तिचा अर्थ बाजारातल्या बोलीत, म्हणजे त्या वेळच्या स्पॅनिशमध्ये, तोंडी सांगे. दुसरा तो ऐकून लॅटिनमध्ये लिही. इब्न सीना यांचे 'किताबुन् नफ्स' असेच झाले. अर्थ सांगणारा यहुदी विद्वान इब्न दाऊद आणि लिहिणारा डॉमिनिक गुंडिसाल्वी हा चर्चचा अधिकारी. कोणी काय केले हे ग्रंथाच्या आरंभी नमूद आहे. जेरार्डच्या जोडीला गालिब नावाचा स्थानिक ख्रिस्ती असे. म्हणजे मुसलमानाचा ग्रंथ, यहुद्याची जबान आणि ख्रिस्त्याची कलम. मॉर्लेचा डॅनियल हा इंग्रज विद्यार्थी आधी पॅरिसला गेला होता. तिथे मोठमोठी पुस्तके पुढे मांडून ऐटीत बसलेले अडाणी मास्तर पाहून तो वैतागला आणि तोलेदोला येऊन थेट गालिब व जेरार्ड यांच्यापुढे बसला. मास्तरांविषयीचे त्याचे वर्णन वाचताना एक मास्तर म्हणून आम्हाला थोडे चपापायला होते.

या तर्जुम्यांतून एक गंमत घडली. ती आम्ही दहावीच्या वर्गात सांगतो, आणि गणिताच्या तासाला न बोलणारी मुलेही त्या वेळी पुढे सरकतात. त्रिकोणमितीत साइन शिकवतात. तो शब्द आला कुठून? आपल्याकडच्या गणितींनी वर्तुळाच्या कमानीला धनुष्य मानले आणि तिच्या दोरीला 'ज्या' किंवा 'जीवा' म्हटले. अरबांनी तो शब्द 'जीबा' असा घेतला. अरबी लिखाणात जेर-जबर देत नाहीत, त्यामुळे तो नुसता 'ज-ब' असा लिहिला जाई. मूळ परका शब्द विसरला गेला आणि लोक तो 'जैब' असा वाचू लागले, कारण 'जैब' हा अरबीतला शब्द होता. अर्थ गरेबान, छातीपाशी कपड्याला पडलेली खोळ. आपल्या उर्दूतला आणि बोलीतला खिशाचा 'जेब' तो हाच. बाराव्या शतकातल्या तर्जुमेकारांनी त्याचे इमानदारीने लॅटिन केले: 'सायनस', म्हणजे खोळ. त्याचा झाला साइन. धनुष्याची दोरी बगदादेत खिशात गेली आणि तोलेदोत त्याचीही लॅटिन झाली! उर्दूत जुन्या गणिताच्या पुस्तकांत साइनला 'जैब'च म्हणत. या एका शब्दात कोणी कोणाची चोरी केली ते सांगा, असे आम्ही मुलांना विचारतो.

अंकांचेही तसेच झाले. पिसा शहराचा लिओनार्दो, ज्याला फिबोनाची म्हणतात, त्याचे वडील आजच्या अल्जेरियातील बिजाया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचे जकातीचे काम पाहत. मुलाला त्यांनी तिथेच हिशेब शिकायला बसवले. १२०२ मध्ये त्याने लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि सुरुवातीलाच हिंदूंचे नऊ अंक आणि अरबांचे 'सिफर' असे साफ सांगितले. त्याने कुणाचे नाव दडवले नाही. तरी युरोपने हे अंक लगेच पोटाशी धरले असे नव्हे. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला मनाई केली. नव्याची भीती सगळीकडे सारखीच असते.

उलट बाजूही सांगतो. सगळे ग्रंथ अरबीतूनच गेले असे नाही. व्हेनिसच्या जेम्सने ॲरिस्टॉटलचे काही ग्रंथ बाराव्या शतकात थेट ग्रीकमधून आणले, तेराव्या शतकात मोर्बेकेच्या विल्यमने जवळजवळ सगळेच नव्याने केले. २००८ साली सिल्व्हाँ गुगनाइम या फ्रेंच इतिहासकाराने याच आधारावर पुस्तक लिहून, युरोपवर अरबांचे फारसे ऋणच नाही, असे मांडले. त्यावर तिथल्याच पुष्कळ अभ्यासकांनी जोरदार आक्षेप घेतला. आमच्या मते त्या पुस्तकाचे उत्तर अल्मॅजेस्टच देतो. त्याचा थेट ग्रीकमधून केलेला तर्जुमा सिसिलीत जेरार्डच्या आधीच झाला होता. पण पुढची तीन शतके जेरार्डचा अरबीतून केलेला तर्जुमाच जास्त वाचला गेला. शिवाय अरबीतून नुसता ॲरिस्टॉटल गेला नाही. त्याच्यावर कित्येक पिढ्यांनी केलेली चर्चा, काढलेल्या चुका आणि पुढचे शोधही गेले. इब्नुल् हैसम यांनी प्रकाशावर जे लिहिले ते कोणत्याही ग्रीकाने लिहिलेले नव्हते.

आता इब्न रुश्द यांच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ११२६ मध्ये कुर्तुब्यात जन्म, घराणे काझींचे, स्वतः काझी, शिवाय हकीम. मुवह्हिद खलिफा अबू याकूब यांच्या दरबारात इब्न तुफैल यांनी त्यांना नेले. खलिफाने विचारले, आसमानाविषयी फलसफी लोकांचे काय मत आहे, ते कदीम आहे की निर्माण झालेले? इब्न रुश्द घाबरले आणि आपण तो विषय वाचलाच नाही असा पवित्रा त्यांनी घेतला. मग खलिफाच इब्न तुफैल यांच्याशी त्यावर इतक्या जाणकारीने बोलू लागले, की त्यांची भीड चेपली. पुढे त्यांनी ॲरिस्टॉटलवर ज्या शरहा लिहिल्या, त्या दरबाराच्या छायेखाली. पण छाया एका माणसाची होती. अबू याकूब गेल्यावर त्यांचे पुत्र गादीवर आले, काही वर्षे ठीक चालले, आणि ११९५ साली हवा बदलली. सत्तरीच्या जवळ आलेल्या या वृद्ध काझीला लुसेना गावी हद्दपार करण्यात आले, फलसफ्याची पुस्तके जाळण्याचा हुकूम निघाला. वैद्यक, हिशेब आणि जुजबी खगोल एवढे वगळले. तीन वर्षांत माफी मिळाली. परंतु ११९८ च्या डिसेंबरात मराकश येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची मय्यत पुढे कुर्तुब्याला नेण्यात आली. ती नेताना तरुण इब्न अरबी हजर होते आणि त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. जनावराच्या एका बाजूला ताबूत बांधला होता, आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूला त्यांचीच पुस्तके.

तीच पुस्तके दक्षिण फ्रान्समधल्या यहुद्यांनी इब्रानीत आणि मायकेल स्कॉट आदींनी लॅटिनमध्ये नेली. आज त्यांच्यापैकी काही ग्रंथांचे अरबी मूळ हरवले आहे. ॲरिस्टॉटलच्या 'आत्म्याविषयी' या ग्रंथावरची त्यांची मोठी शरह पूर्ण स्वरूपात लॅटिनमध्येच उरली आहे. पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलला नुसते 'फिलॉसॉफर' म्हणत आणि इब्न रुश्द यांना नुसते 'कॉमेंटेटर', म्हणजे 'शारेह'. नाव घेण्याची गरजच नव्हती. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती आलिमाने त्यांच्याशी कडाक्याचा वाद घातला, पण त्यांना वाचून घातला. दान्तेने आपल्या काव्यात इब्न सीना, इब्न रुश्द आणि सलाहुद्दीन या तिघांना नरकाच्या अगदी उंबरठ्यावर, यातना नसलेल्या जागी बसवले. तो त्यांना जन्नत देऊ शकत नव्हता. पण त्याच्याने पुढेही ढकलवेना.

इथे आम्हाला आमच्या तक्त्यातली खरी चूक कळली. पुस्तके कुठे होती, याचे उत्तर मिळाले. पण तिथे पोचल्यावर ती टिकली कशी? पॅरिसच्या पाद्र्यांनी त्यांचे फुलांनी स्वागत केले, असे कुणी समजू नये. १२१० मध्ये तिथे ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला बंदी झाली, १२१५ मध्ये ती पुन्हा घालण्यात आली. १२७७ मध्ये बिशप एतिएन ताँपिए याने २१९ विधाने धर्मविरोधी ठरवली आणि त्यांतली कित्येक इब्न रुश्द यांना मानणाऱ्यांची होती. म्हणजे बंदी आमच्याकडे आणि आझादी त्यांच्याकडे, असा सोपा हिशेब नाही. मौलवी आणि पाद्री दोघेही रागावले. मग फरक कुठे पडला?

फरक पडला तो त्या बंदीपुढे उभे असलेल्यांत. लुसेनाच्या वाटेवर इब्न रुश्द एकटे होते. पॅरिसमध्ये मास्तर आणि विद्यार्थी यांचा संघ होता. त्याला सनद होती, स्वतःचे नियम होते, परीक्षा आणि पदवी देण्याचा हक्क होता. १२२९ मध्ये दारूच्या गुत्त्यातल्या भांडणावरून शिपायांनी काही विद्यार्थ्यांना ठार मारले, तेव्हा मास्तरांनी चक्क संप केला आणि शहर सोडून गेले. तो जवळपास दोन वर्षे चालला. त्या काळात तुलूजच्या नव्या विद्यापीठाने जाहिरात केली, की पॅरिसमध्ये मनाई असलेली पुस्तके आमच्याकडे ऐकायला मिळतील! अखेर १२३१ मध्ये पोपला फर्मान काढून मास्तरांचे हक्क मान्य करावे लागले. आणि १२५५ मध्ये ज्या ग्रंथांवर बंदी होती तेच पॅरिसच्या अभ्यासक्रमात सक्तीचे झाले. राजा मेला, पोप बदलला, तरी संघ मरत नव्हता. पाश्चात्त्य संस्कृतीचा खराखुरा स्वतःचा शोध कोणता, असे कुणी विचारले तर आम्ही वाफेच्या इंजिनाआधी या संघाचे नाव घेऊ.

आपल्याकडे मदरसे होते, वक्फ होते, आणि वक्फने इल्मला शतकानुशतके अन्न दिले. पण मदरसा वाकिफच्या कागदाने बांधलेला असे; काय शिकवायचे ते बहुधा त्यात आधीच ठरलेले. हिकमत आणि हय्यत शिकायची तर अनेकदा उस्तादाच्या घरी किंवा दरबारात. वेधशाळा तर पुरत्या बादशहांवर अवलंबून. आपला इल्म तेराव्या शतकात बगदाद पडले आणि विझला, असे जे म्हणतात तेही आम्हाला मान्य नाही. बगदाद १२५८ ला पडले आणि पुढच्याच वर्षी मरागा येथे नसीरुद्दीन तूसी यांच्या देखरेखीखाली वेधशाळा उभी राहू लागली. दमास्कसच्या जामा मशिदीत नमाजाच्या वेळा काढणारे इब्नुश् शातिर यांनी चौदाव्या शतकात चंद्राचे जे गणित मांडले, त्याच्याशी पुढे कोपर्निकसचे गणित जुळते. समरकंदमध्ये उलुग बेग स्वतः तारे मोजत होते. पण १४४९ मध्ये पोटच्या मुलाने त्यांना मारवले आणि वेधशाळा ओस पडली. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीन यांची वेधशाळा १५७७ ला उभी राहिली, १५८० ला सुलतानाच्याच हुकमाने पाडली गेली. तीन वर्षे! माणसे होती, अक्कल होती, जिद्द होती. पाठीशी संघ नव्हता.

छापखान्याची कथा तर आम्हाला सर्वांत जास्त बोचते. इब्न सीना यांच्या 'कानून'चा जेरार्डने केलेला तर्जुमा १४७३ मध्येच छापून निघाला होता. १५९३ मध्ये रोममधील मेदिची घराण्याच्या छापखान्याने तोच 'कानून' मूळ अरबीत, सुंदर अरबी खिळ्यांत छापला. सुलतान तिसरा मुराद यांनी १५८८ मध्ये फर्मान काढून, अरबी-फारसी छापील पुस्तके विकणाऱ्या फिरंगी व्यापाऱ्यांना त्रास देऊ नये, असे बजावले होते. म्हणजे पुस्तक आपले, छापणारा रोमचा, आणि इस्तंबूलमध्ये ते विकायला परवानगी. इस्तंबूलमधल्या मुसलमानांचा स्वतःचा छापखाना इब्राहीम मुतफर्रिका यांनी काढला आणि त्याचे पहिले पुस्तक १७२९ मध्ये निघाले. मधल्या १३६ वर्षांचा दोष कोणत्या चोरावर टाकायचा?

यात युरोपची भलामण करण्याचा हेतू नाही. ज्या स्पेनने तोलेदोत किताबे वाचल्या, त्याच स्पेनने १४९२ मध्ये गरनाता घेतल्यावर काही वर्षांतच कार्डिनल सिस्नेरॉसच्या हुकमाने तिथल्या चौकात अरबी किताबे जाळल्या. वैद्यकाच्या थोड्या तेवढ्या बाजूला काढल्या. वैद्यक वगळायचे आणि बाकीचे जाळायचे, हा हुकूम इब्न रुश्द यांच्या वेळच्या हुकमासारखाच होता. १६०९ पासून पाच वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्को, म्हणजे बळाने ख्रिस्ती केलेले मुसलमान, देशाबाहेर हाकलले गेले. त्याच समुद्रावरून जहाजे गुलाम नेत होती. संस्कृतीचा इतिहास सांगताना हे पान फाडता येत नाही. मात्र हे पान दाखवून दुसरे पानही फाडता येत नाही.

जाता जाता जवळचा एक दाखला देतो. १९१७ मध्ये हैदराबादेत दारुत् तर्जुमा निघाला आणि पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. या तर्जुम्याच्या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. ते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शाळा तपासण्याचे काम करत आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे दफ्तरही त्यांनी तिथेच थाटले होते. मराठवाड्यातल्या कित्येक घरांतले आजोबा त्या विद्यापीठात उर्दूतून भौतिकशास्त्र आणि वैद्यक शिकले. शेकडो पुस्तके पश्चिमेच्या भाषांतून उर्दूत आली; तुलैतुलाची वाट उलट्या दिशेने चालू झाली होती. १९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले. ते खातेही एका सरकारच्या मर्जीवर उभे होते.

गेल्या वर्षी आम्ही नववीच्या मुलांकडून नवा तक्ता करून घेतला. बगदाद, कुर्तुबा, पालेर्मो, बिजाया, तोलेदो, पॅरिस. बाण इतके झाले, की भूगोलाच्या सरांनी हा रेल्वेचा नकाशा आहे काय, असे विचारले. एका मुलाने उज्जैनपासून बगदादपर्यंत हिरवी रेघ ओढून त्यावर 'जीवा' लिहिले आणि तिथून तोलेदोपर्यंत लाल रेघ ओढून 'जेब'. जेरार्डच्या नावापुढे कंसात काय लिहायचे, ख्रिस्ती की तर्जुमेकार, यावर दोन मुली बराच वेळ भांडल्या. शेवटी त्यांनी ७१ एवढाच आकडा लिहिला.

सराव पाठाचा जुना तक्ता अजून घरी कपाटावर गुंडाळून ठेवलेला आहे. त्यातला काळा पट्टा आम्ही एकदा ब्लेडने खरवडून काढायला बसलो होतो. रंग बराच निघाला, पण कागद तिथे फाटला.